सोनकड्याचे सासर

फाल्गुनातली पहाट सोनकड्यावर येते ती आधी रंग घेऊन, आणि उजेड मागाहून. पूर्वेच्या कडेला केशराची एक पुसट रेघ उमटते. ती रुंदावते, ताम्रवर्ण होते, हळूच माथ्यावरच्या कातळाला स्पर्श करते. आणि रात्रभर कृष्णवर्ण वाटलेला तो कातळ बघता बघता सुवर्णवर्ण होऊन जातो. म्हणून त्याचे नाव सोनकडा पडले.

पानगळीने रान विरळ झालेले असते. निष्पर्ण सावरींवर रक्तवर्ण फुले, पांगाऱ्यांवर शेंदरी फुले, आणि त्या फुलांत चोची बुडवून बसलेली मधुलुब्ध पाखरे. पान नाही, पालवी नाही, नुसता रंग. वर रंग, खाली रंग, वाटेवर गळून पडलेल्या पाकळ्यांचा रंग. बघता बघता माणूस पायाखाली बघायचे विसरतो आणि त्याला सपाटून ठेच लागते. असे ठेचाळलेले पाहुणे बेहेडवाडीला दर फाल्गुनात मिळतातच.

बेहेडवाडी म्हणजे सोनकड्याच्या पायथ्याची वाडी. आणि त्या वाडीत राहतो दुंदा तळपे, सोनकड्याचा वाटाड्या.

पाहुण्यांना डोंगर चढवावा, रानातली जनावरे-पाखरे दाखवावीत आणि सगळ्यांना धडधाकट खाली आणावे, हे दुंदाचे काम. हे काम त्याने असे केले होते, की दूरदूरचे लोक डोंगराचे नाव विसरत, पण दुंदाचे विसरत नसत. पानाआड पान हलले तर वाऱ्याने हलले की शेपटीने, हे तो उभ्याउभ्या सांगे. समोरच्या दरीपलीकडे, करड्या खडकावर बसलेला करडा ससाणा त्याला दिसे. आणि पाहुणे दुर्बिणीतून शोधून शोधून दमले, की तो मिशीत हसे.

दुंदाला गर्व होता. आणि का नसावा? ज्याच्यापाशी जे असते त्याचा त्याला गर्व असतो. कुणाला शेताचा, कुणाला गळ्याचा, कुणाला नुसत्याच आडनावाचा. दुंदाला नजरेचा होता. डोंगरवाटेवर त्याच्यापुढे कुणी चाललेले त्याला खपत नसे. पुढे दुंदा, मागे जग, अशी त्याची रीत होती.

आणि ती नजरच गेल्या दिवाळीपासून त्याला दगा देऊ लागली.

आधी दरीपलीकडचा खडक पुसट झाला. मग दरी पुसट झाली. मग समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक धुरकट डाग बसला, आणि कडेकडेचे तेवढे दिसत राहिले. तालुक्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिले आणि सांगितले, की आतला पडदा झिजला आहे, आणि झिजलेला पडदा शिवता येत नाही. दुंदा घरी आला. त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली आणि म्हणाला, "ह्यो शब्द उंबऱ्याभाईर जाता कामा नये."

त्याची बायको सगुणा. तिने मान हलवली. शब्द उंबऱ्याबाहेर गेला नाही.

पण थोरल्या भावाच्या नजरेतून लपवायचे म्हणजे सोपे नव्हे. कोंडाजी तळपे शेजारच्याच घरात राहत असे. सकाळ-संध्याकाळ बदामी शाल पांघरून ओट्यावर बसलेला असे. दुंदा दोनदा त्याला ओळख न देता पुढून गेला, तेव्हाच तो काय ते समजला. त्याने भावाला भर चावडीत नव्हे, बाजूला घेऊन सांगितले होते, "दुंदा, तुला दिसत नाय. पाव्हण्यांना दरीत घालशील एक दिवस. आता बास कर." पण दुंदाला बाजूला घेऊन सांगितलेलेही भर चावडीतल्यासारखेच लागले. तो भडकला. कोंडाजीही तळपेच होता, तोही भडकला आणि म्हणाला, "पुन्हा पाव्हणं घिऊन निघालास, तर वाटंत आडवा बसंन मी."

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

आणि दुंदा पाहुण्यांना घेऊन जातच राहिला. फक्त आता सगुणा बरोबर येऊ लागली. कुणी विचारले तर म्हणे, पाव्हण्यांच्या भाकरीचं गठुडं कोण उचलणार. सर्वांच्या मागे, डोक्यावर गठुडे घेऊन, पदर सावरीत ती चाले. पाहुण्यांना वाटे, बाई अखंड बोलते. घरचे रडगाणे गाते बिचारी. नणंदेचे गाऱ्हाणे, जावेचे गाऱ्हाणे, सासऱ्याचे कौतुक.

ते गाऱ्हाणे नव्हते. ती त्या रानातली बायकांची बोली होती.

बेहेडवाडीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सरपणाला सोनकड्यावर जात. रानात जनावराचे नाव घ्यायचे नाही, नाव घेतले की ते येते, असा त्यांचा पक्का समज. मग बोलायचे कसे? त्यांनी रानाचे सासर केले. शेकरू म्हणजे नणंद; कारण ती उंच बसते, झुपकेदार शेपटीचा तोरा मिरवते आणि खालून जाणारीच्या डोक्यावर अर्धवट कुरतडलेली फळे टाकते. भेकर म्हणजे जाऊ. कारण जरा कुठे खुट्ट झाले की तिने बोंब मारलीच. सांबर म्हणजे मामंजी, सासरे. गंभीर, शिंगांचे ओझे सांभाळीत पाणवठ्यावर सावकाश येणारे. अशी सारी सोयरीक.

पुरुषांनी या बोलीकडे कधी लक्ष दिले नव्हते. बायकांचे बोलणे, म्हणून हसून सोडून दिले होते. दुंदानेही दिले होते. पण दिवाळीनंतर चुलीपुढे बसून त्याने ती बोली बायकोकडून शिकून घेतली. थोडी थोडी, कामापुरती. सगुणाने शिकवली, तीही कामापुरतीच. काही नावे तिने घरात घेतली नाहीत. ती चुलीपाशी घ्यायची नसतात.

तर त्या फाल्गुनी सकाळी पुढे दुंदा होता, मागे सगुणा होती, आणि दोघांच्या मध्ये पुण्याचे गोगटे पती-पत्नी होते. श्रीपाद गोगटे आणि कुमुदिनी गोगटे. दोघेही निवृत्त, दोघेही हौशी, आणि सोनकड्यावर पूर्वीही येऊन गेलेले. मागल्या खेपेस दुंदाने त्यांना मोरघारीचे घरटे दाखवले होते. ती घार कुमुदिनीबाई अजून नातवंडांना सांगत. यंदा त्या खास दुंदाच्या नजरेवर विसंबून आल्या होत्या, आणि त्यांनी तसे निघताना बोलूनही दाखवले.

"दुंदाजी, तुमच्या डोळ्यांनी डोंगर बघायचा म्हणून आलोय हो आम्ही."

दुंदाने मान लववली. आत कुठेतरी काटा रुतला. पण चालीत फरक पडला नाही. पायांना वाट पाठ होती. कुठला दगड डुगडुगतो, कुठली मुळी आडवी येते, कुठे वाकायचे आणि कुठे फांदी धरायची, हे सारे पायांच्या आणि हातांच्या ध्यानात होते. तो असा चालला, की कुणाला शंका येऊ नये.

रान जागे होत होते. तांबट पक्षी ठोके देत होता. एकाच लयीत, एकाच सुरात, भांडी घडवणाऱ्याच्या चिकाटीने. हळद्या या फांदीवरून त्या फांदीवर पिवळीजर्द झेप घेत होता. करवंदीच्या जाळ्यांतून सातभाईंचा कलकलाट निघे, विरे, पुन्हा निघे. हे सर्व दुंदाला ऐकू येत होते, आणि ऐकूनच तो नावे सांगत होता. कान अजून शाबूत होते.

इतक्यात मागून सगुणा गुणगुणल्यासारखी बोलली, "आमच्या नणंदबाईंचं बघा. सकाळच्या पारी उजव्या अंगाच्या उंबरावर जाऊन बसल्यात, पार शेंड्याला."

दुंदा थांबला. उंबर त्याला हिरवट डागासारखा दिसला. शेंडा दिसलाच नाही. त्याने हात उचलला, शांतपणे, जुन्या ऐटीत. "ताई, सायब, तिकडं बघा. उंबराच्या शेंड्याला. शेकरू."

आणि होतीच. तपकिरी-तांबूस पाठीची, मलईवर्ण पोटाची, लांब लाडावलेल्या शेपटीची शेकरू दोन हातांत उंबर धरून खात बसली होती. किरण तिच्या शेपटीत शिरले आणि शेपटीचा केस न् केस सोन्याचा झाला. कुमुदिनीबाईंच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"किती लांबून दिसलं हो तुम्हाला," श्रीपाद म्हणाले. दुंदा मिशीत हसला. पण हसू ओठांपर्यंतच आले.

पुढे झऱ्याचा ओहळ लागला. पाणी आटून काचेच्या पट्टीएवढे उरले होते. त्यात आकाशाचा एक निळा तुकडा पडला होता. सगुणा म्हणाली, "मामंजी पाण्याला आल्यात वाटतं. जांभळीच्या खाली. एकलेच." आणि दुंदाने बोट केले, आणि जांभळीखालच्या गर्द छायेतून धूसरवर्ण, विशालशृंग सांबर हळूच मान उचलून यांच्याकडे बघू लागले. त्याच्या ओल्या नाकाडावरून पाण्याचे थेंब टपटपत होते. क्षणभर सारे चित्र स्थिर झाले. मग सांबराने सावकाश पाठ फिरवली आणि ते आपल्या इतमामाने निघून गेले.

पाहुण्यांची मने भरून आली होती. दुंदाची कीर्ती पावलोपावली वाढत होती. आणि पावलोपावली त्याला आतून बारीक बारीक लाज वाटत होती. वाहवा माझी, आणि डोळे तिचे. पण ही लाज तो गिळत होता. कारण लाजेपेक्षा मोठे एक भय त्याच्या छातीशी बसले होते. या वाटेवर मी पुढे नसलो, तर मी कोण? ओट्यावर बसून खाट विणणारा एक म्हातारा. तळप्यांचा दुंदा, ज्याला पूर्वी दिसायचे.

वर खिंड आली. दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येतात, मध्ये वाट एका माणसापुरती उरते, आणि वाटेच्या कडेला एक सपाट शिळा आहे. सकाळचे पहिले ऊन तिच्यावर पडते. खिंडीच्या तोंडाशी भेकर ओरडले. एकदा ओरडले, पुन्हा ओरडले; भुंकल्यासारखे, कर्कश, घाबरे.

"जाऊबाईंनी बोंब मारली," दुंदा आपणच पाहुण्यांना म्हणाला, आणि चूक ध्यानात येऊन घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, भेकर हाये."

झाडावरची वानरे खॉक् खॉक् करू लागली. मग एकदम सारे गप्प झाले. तांबटाचा ठोकाही थांबला. वाऱ्याने जणू पाऊल अधांतरी धरले.

आणि मागून सगुणाचा आवाज आला; इतका खालचा, की तो नुसत्या श्वासाने बोलल्यासारखा होता. "अहो... थोरले बसल्यात वाटंत."

इथेच ती चूक झाली.

सगुणाने जे नाव चुलीपाशी कधी घेतले नव्हते, ते हे नाव. बायकांच्या त्या बोलीत थोरले म्हणजे थोरले दीर. ज्यांच्यापुढे डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, ज्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही, ज्यांना पाठ दाखवायची नाही आणि ज्यांची वाट अडवायची नाही. ते दिसले की पदर ओढून, खाली बघत, एक एक पाऊल मागे सरायचे. वाघाशी वागायची सारी शिस्त बायकांनी त्या एका नात्यात बांधून ठेवली होती. थोरले म्हणजे बिबळ्या वाघ.

दुंदाला हे ठाऊक नव्हते. दुंदाला एकच थोरला ठाऊक होता.

कोंडाजी. वाटेत आडवा बसेन म्हणाला होता. बसला तर मग! पाहुण्यांच्या देखत. आज. दुंदाचे कान तापले, कपाळाची शीर उडाली. त्याने समोर बघितले. शिळेवर एक बदामी, उन्हात उजळलेला, पसरट आकार बसला होता. शाल. दादाची शाल. त्याला आणखी काही बघायची गरज वाटली नाही, आणि बघितले असते तरी दिसले नसते.

दुंदा पुढे निघाला.

मागे सगुणाने पदर ओढला होता आणि दोन्ही हात पसरून पाहुण्यांना जागच्या जागी थोपवले होते. डोक्यावरचे गठुडे कधी खाली आले, तिचे तिलाही कळले नाही. तिने मान वर केली तेव्हा दुंदा खिंडीत शिरला होता.

शिळेवर तो बसला होता. पीतवर्ण, चित्रांग, दीर्घपुच्छ. अंगावर उन्हाची आणि सावलीची नक्षी. कुठली नक्षी उन्हाची आणि कुठली कातड्याची हे सांगता येऊ नये. पुढचे पंजे एकावर एक ठेवलेले. आणि दोन डोळे. थंड, हिरवट, निश्चल, दुंदावर लागलेले.

दुंदा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. दोघांच्या मध्ये अंगणभर जागा राहिली असेल, तीही लहानशा घराच्या अंगणाएवढी.

"बसलास, दादा?" दुंदा म्हणाला. "बस. बोलल्यापरमाणं करणारा माणूस तू."

बिबळ्याचे कान मागे झाले. शेपटीचे टोक हलले.

"पाव्हण्यांपुढं शोभा करायला आलास व्हय मपली? कर. पर आधी माझं ऐक. ह्या वाटंवरचा धोंडा न् धोंडा मला वळखतो. तू खाली ओट्यावर बसून शेणी मोजत व्हतास तव्हा मी इथं वाऱ्यापावसात..." दुंदाचा आवाज चढला, कातळाला लागून परत आला, आणि मधेच मोडला. कारण तो खूप महिन्यांनी भावाशी बोलत होता, आणि समोरचा चक्क ऐकून घेत होता. कोंडाजीने आयुष्यात त्याचे इतके कधी ऐकून घेतले नव्हते.

तो थांबला. मग हळू आवाजात बोलला, आणि त्या मुकाट रानात ते हळू बोलणेही सगळ्यांना ऐकू आले.

"तुझं खरं हाये, दादा. मला दिसत नाय. तुझं त्वांडबी दिसत नाय मला आता, नुसती शाल दिसती. सकाळपासनं एक जनावर मी बघितलं नाय. पर मला घरी नको बसवू. मी पुढं नाय चाललो, तर मी कोण रं? एवढं सांग. मी कोण?"

बिबळ्याने उत्तर दिले नाही. त्याने पोट शिळेला टेकवले, खांदे आवळले. रानाचे ज्याला थोडे कळते त्याला या आवळण्याचा अर्थ कळतो. तो सगुणाला कळला.

आणि मग सगुणा तळपे पुढे निघाली.

लग्न होऊन ती या वाडीत आली, त्या दिवसापासून ती कुणाच्या पुढे चालली नव्हती. नवऱ्याच्या मागे, सासूच्या मागे, सरपणाच्या वाटेवर वडील बायकांच्या मागे. ती पाहुण्यांना ओलांडून पुढे गेली. खिंडीत शिरली. आणि नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन, त्याच्या आणि त्या पिवळ्या मरणाच्या मध्ये, उभी राहिली.

तिने डोईवरचा पदर मागे सारला. मान वर केली. सात पिढ्यांच्या बायकांनी ज्याच्या नजरेला नजर दिली नव्हती, त्याच्या नजरेला तिने नजर दिली.  पापणी लवली नाही.

"भावजी," ती म्हणाली, शांतपणे, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावे तशी, "आमचं माणूस हाये हे. वाट द्या."

ऊन शिळेवरून तसूभर सरकले असेल, नसेल. बिबळ्याने तिच्याकडे बघितले. मग आवळलेले खांदे सैल झाले. तो उठला, सगळ्या अंगाची एक लांब, संथ, सोनेरी कमान करून आळस दिला, शिळेवरून खाली ओघळला आणि वाळल्या कारवीत शिरला. कारवी हलली. कारवी थांबली. शिळा रिकामी झाली, आणि तिच्यावर नुसते ऊन राहिले.

पाखरांनी पुन्हा तोंड उघडले.

"न बोलताच गेला दादा?" दुंदाने विचारले. त्याच्या आवाजात रुखरुख होती.

 सगुणाने कातळाला हात टेकला. "तुमचं दादा नव्हतं ते," ती म्हणाली. "वाघ व्हता. रानात आम्ही बायका त्याला थोरले म्हंतो."

दुंदा खाली बसला. आधी त्याला घाम फुटला. मग त्याला आठवले, की आपण वाघाला शेणी मोजणारा म्हटले. आणि त्याला हसू आले. ते हसू आवरेना. त्याला बघून सगुणालाही हसू आले. आणि खिंडीत नवरा-बायको डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिले. गोगटे पती-पत्नी एकमेकांचे हात घट्ट धरून लांब उभे होते.

मग ते जवळ आले. कुमुदिनीबाईंचा चेहरा पांढराफटक होता. पण डोळे ओले होते, आणि ते भीतीने नव्हेत. त्या शहाण्या बाई होत्या. दुंदाच्या शेजारी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "दुंदाजी, आम्ही लांब होतो. आम्हाला काही ऐकू आलं नाही. वाडीत आम्ही एवढंच सांगू, की तुम्ही बिबट्याच्या समोर जाऊन उभे राहिलात आणि हटला नाहीत."

खोटेही नव्हते त्यात काही. दुंदा उभा राहिला होता आणि हटला नव्हता.

दुंदा गप्प बसला. आणि त्या गप्पपणात त्याच्यापुढे सारे ऐश्वर्य मांडलेले होते. वाघाशी बोललेला दुंदा. वाघाला हाकललेला दुंदा. ही गोष्ट वाडीतून वाडीत जाईल, बाजारात जाईल, पुण्यात जाईल. दरसाल थोडी वाढेल, वाघ थोडा मोठा होईल, अंगण थोडे लहान होईल. पुढे दुंदा, मागे जग. नुसते गप्प राहायचे होते. गप्प राहणे त्याला दिवाळीपासून चांगले जमत होते.

पण त्याच्या कडेच्या नजरेत, जिथे अजून उजेड शिल्लक होता, तिथे सगुणा उभी होती. ती पाकळ्यांवर पडलेले गठुडे उचलून झटकीत होती. पदर अजून मागेच होता. तिचे ते उघडे कपाळ, ते धुळीने भरलेले हात, ती वाऱ्याने भुरभुरणारी पांढरी बट. आणि दुंदाला अभिमान वाटला. असा अभिमान त्याला शेकरू दाखवताना वाटला नव्हता, मोरघार दाखवताना वाटला नव्हता. तो छातीत मावेना. आणि जो अभिमान छातीत मावत नाही तो बोलून दाखवावाच लागतो.

दुंदा उठला. टोपी सारखी केली.

"ऐकलंत तुम्ही, ताई," तो म्हणाला. "आन् ऐकलं ते खरं हाये. दिवाळीपासनं मला दिसत नाय. सकाळपासनं तुम्हाला जे दाखवलं ते हिनं दाखवलं. मी निस्तं बोट केलं. नणंद, मामंजी म्हणून ती बोलत व्हती, ती जनावरं व्हती. आन् वाघाला वाटंवरनं उठवला तोबी हिनंच, तुमच्या डोळ्यांदेखत. तसंच सांगा वाडीत."

 श्रीपाद गोगट्यांनी नुसते हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आले नसते.

दुंदा वाटेवरून बाजूला झाला. खिंड एका माणसापुरती. तो कातळाला पाठ लावून, पोट आत ओढून, जागा करून उभा राहिला. "चल," तो बायकोला म्हणाला, "हो पुढं."

"मी?"

"तूच. सोनकड्याची वाटाडी."

"वाटाडी!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हा शब्द मी कधी ऐकला नव्हता."

"नव्हताच आमच्या वाडीत," दुंदा म्हणाला. "आता हाये."

सगुणा घुटमळली. मग तिने गठुडे नवऱ्याच्या हातात दिले. त्याने ते मुकाट्याने डोक्यावर घेतले, आणि ती त्याच्यापुढून गेली. खिंडीच्या पलीकडे माथ्याची वाट उघडी, लख्ख, उन्हाने भरलेली. तिच्यावर पहिली सावली सगुणाची पडली.

आता ती मोकळ्या आवाजात बोलत होती. गाऱ्हाण्याचा सूर गेला होता. सासर मात्र तेच होते. "ती बघा ताई, दुसरी नणंद. ही धाकटी, लई नखरेल. ते वर घिरट्या घालत्यात ते मामेसासरे, सापाला टिपणारे. आन् ती वानरं म्हंजे भाचरं, खाऊन पिऊन वर नावं ठेवणारी." ती बोट करी, आणि तिच्या बोटाच्या टोकाशी पाखरू असे. ती थांबे, आणि ती थांबली तिथे जनावराचे पाऊल उमटलेले असे. मागे कुमुदिनीबाई, त्यांच्या मागे श्रीपाद, आणि सर्वांच्या शेवटी, आयुष्यात प्रथमच शेवटी, भाकरीचे गठुडे घेऊन दुंदा.

तो शेवटी होता. पण त्याचा प्रश्न अजून त्याच्याबरोबर चालत होता. मी कोण, असे त्याने विचारले होते. आणि वाघ न सांगता निघून गेला होता.

माथा जवळ आला. वारा वाढला. खाली दऱ्या, दऱ्यांपलीकडे डोंगर, डोंगरांपलीकडे निळसर डोंगर, आणि त्यांच्याही पलीकडे नुसती निळाई. कुमुदिनीबाई धापा टाकीत होत्या, तरी हसत होत्या. त्यांना ते सासर फार आवडले होते.

"सगुणाबाई," त्यांनी विचारले, "नणंद झाली, जाऊ झाली, सासरे झाले, दीर तर चांगलेच झाले. पण या रानात नवरा कुठला हो? बायका कशाला म्हणतात 'हे'?"

सगुणा पुढे चालतच राहिली. मागून तिचे कान लाल झालेले दिसले.  पदर वाऱ्यावर फडफडत होता. मग मागे न बघता ती म्हणाली,

"त्यांच्याच खांद्यावर उभ्या हायेत की तुम्ही, ताई."

कुमुदिनीबाईंना आधी कळले नाही. त्यांनी पायाखाली बघितले. पायाखाली कातळ होता.

"डोंगर?"

"व्हय," सगुणा म्हणाली. "आम्ही बायका डोंगराला 'हे' म्हंतो. उन्हाचं म्हणावं, आज हे तापल्यात. वारा सुटला की म्हणावं, ह्यांना राग आला. सरपान मिळालं की म्हणावं, ह्यांनी दिलं." ती थांबली, आणि वाऱ्याला सांगावे तसे बोलली. "सून म्हणून आले तव्हापास्नं मी तसंच म्हंते. कितीबी आंधार पडू दे, पायाखाली हे हायेत म्हणलं की भ्याव वाटत नाय."

सर्वांच्या शेवटी दुंदा उभा राहिला. त्याने ऐकले. डोळ्यांपुढचा धुरकट डाग तसाच होता. पण त्या डागाच्या चहूकडे आकाश होते, आणि आकाशाच्या कडेला, उन्हात, एक उघड्या डोईची बाई वर वर चढत होती.

तो काही बोलला नाही. डोंगर बोलत नसतो. त्याने गठुडे सारखे केले, मान उचलली, आणि वाट तिच्यावर सोडून दिली.

ती चालत राहिली. पहिली, पुढची, सर्वांच्या पुढची. आणि तिच्या पावलांखाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सोन्याने भरलेला, सोनकडा ताठ उभा राहिला.